खळीचं विमान

आमच्या घरात चुलीच्या डाव्या अंगाला भाकरीचा तवा आणि उजव्या अंगाला खळीचं पातेलं, अशी कायमची वाटणी होती. या दोन अंगांची गल्लत कुणी करायची नाही, हा मायचा पहिला नियम. कारण खळीत मोरचूद असायचं आणि मोरचूद म्हणजे विष. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवायचा, गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, खदखदून बुडबुडे फुटू लागले की चिमूटभर कुटलेलं मोरचूद टाकायचं. पांढरी खळ बघता बघता निळसर व्हायची. मोरचूद घातलं की झुरळ, उंदीर भिंतीवरच्या पत्रकाला तोंड लावत नाहीत. बकऱ्यांचं मात्र सांगता यायचं नाही. आमच्या गावच्या बकऱ्यांनी त्या वर्षांत कितीतरी निषेध खाऊन पचवले होते.

निषेध म्हणजे दादांनी लिहिलेली पत्रकं. दादा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. सरकारी नोकरी, म्हणून पत्रकाखाली नाव घालता येत नसे, ते 'एक नागरिक' एवढंच लिहीत. पण झरीच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत हा नागरिक कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी होती, कुठं विहिरीचं भांडण होतं, कुठं मजुरीचं. पत्रक परभणीला छापून यायचं आणि उरलेले गठ्ठे आमच्या माळवदाखाली दोरीनं बांधून ठेवलेले असायचे. मी अक्षरं शिकले ती त्या गठ्ठ्यांवर. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'. दुसरीत गुरुजींनी पोटफोड्या 'ष' असलेला शब्द विचारला, तेव्हा बाकीची पोरं 'षटकोन' आठवत होती आणि मी उभं राहून 'निषेध' म्हणाले. गुरुजी हसले नाहीत. खाली बस म्हणाले.

नामांतराच्या पहिल्या झळीत शेजारच्या गावांतून जळक्या कडब्याचा वास यायचा तेव्हा मी लहान होते. मायनं मला एका काखेत आणि पत्रकांचा गठ्ठा दुसऱ्या काखेत घेऊन शेतातल्या गंजीआड रात्र काढली होती, असं ती सांगते. गठ्ठा कशाला घेतलास, असं मी मोठेपणी विचारलं तर म्हणाली, "सापडला असता तर तुज्या बापाची नोकरी गेली असती. तू सापडली असतीस तर तुला कोन काय करनार होतं?" मायचं प्रेम असं सरळ हिशेबाचं होतं.

मी सांगते आहे ते दिवस त्यानंतरचे. मी बारावी होऊन एसटीनं परभणीला कॉलेजात जात होते आणि दादांच्या जागी पत्रकं लिहू लागले होते. माझी पत्रकं लांब असत. मला प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगायची असे, आणि राग एका पानात मावत नसे. दादा लाल पेनानं कापत, मी परत घालत असे.

त्याच हिवाळ्यात मायचा भाऊ, उत्तममामा, हवाई दलातली नोकरी संपवून आमच्या गावी आला. तिथं तो विमानांच्या देखभालीवर होता. अंगानं वाळका, बोलायला कमी, दाढी रोज करणारा. बस थांब्यावरून त्याची लोखंडी ट्रंक बैलगाडीनं आली, पण एक लांबोडं खोकं मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यावर आणलं. वस्तीतल्या बायकांना वाटलं, भावानं बहिणीला टीव्ही आणला. माय अंगणात उभी राहून मोठ्या आशेनं बघत होती. खोक्यातून निघालं ते पांढऱ्या फोमचं विमान. थर्माकोलसारखा फोम, पण जरा चिवट. पंख माझे दोन्ही हात पसरले तर एवढे. नाकाशी छोटी मोटर, पोटात बॅटरी आणि काडेपेटीएवढ्या दोन डब्या. सोबत लांब एरियल असलेली पेटी. पेटीवरची दांडी हलवली की डबीतून निघालेली तार सरकायची आणि शेपटीची फळी वर-खाली व्हायची. मधे कसलाही दोर नाही. त्याच्या तळावर असली विमानं उडवणारं मंडळ होतं, तिथून हे मोडीत निघालेलं त्यानं मागून आणलं होतं.

माय म्हणाली, "उत्तम, सगळी नोकरी इमानाजवळ गेली, तरी पोट न्हाई भरलं का?"

विमान मोडीत निघालं होतं ते ढिलं झालं होतं म्हणून. मोटरीच्या थरथरीनं फोममधली प्रत्येक गोष्ट हळूहळू सुटत जाते. लाकडात खिळा ठोकला तर लाकूड त्याला धरून ठेवतं. फोम धरून ठेवत नाही, तो सरकून जागा देतो, आणि भोक एकदा मोठं झालं की होतच जातं. मामाची तपासायची एक रीत होती. सकाळी चहा झाला की तो विमान उचलून कानाशी धरायचा आणि नारळ हलवतात तसं हलवायचा. आत काहीतरी खुळखुळायचं. "बोलायलंय," म्हणायचा. मग कुठून बोलतंय ते शोधायचं. मोटरीच्या बुडाची फळी, पंखाचा सांधा, चाकाची तार. सगळ्यांत वाईट म्हणजे शेपटीच्या हलत्या फळीवरचं प्लास्टिकचं शिंग. तार त्या शिंगाला अडकवलेली. शिंग डुगडुगलं की खालून तुम्ही काहीही हुकूम सोडा, शेपटी ऐकत नाही. "इमान मुकं झालं पायजे," मामा म्हणायचा. "मुकं इमान उडतं."

मला हा सगळा उद्योग चैनीचा वाटायचा. माणसं माणसासारखी जगू शकत नाहीत आणि हा खेळणं दुरुस्त करतोय, असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले होते. तो रागावला नाही. शिंग माझ्या हातात देऊन म्हणाला, "धर घट्ट. बोलत बोलत धर." मी धरलं. असं मी धरत गेले आणि दोन-तीन महिन्यांत मला विमानाचा कोणता अवयव कुठं ढिला होतो ते त्याच्याइतकं कळू लागलं. येसराची आमटी चुलीवर उकळते आहे, ओसरीवर आम्ही दोघं विमान उताणं टाकून बसलोय, आणि मी त्याला नामांतर समजावून सांगते आहे, हे त्या दिवसांचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो फक्त हूं म्हणायचा. आता माझा नातू असली विमानं घरबसल्या मागवतो, सोबत फोमला न खाणारा गोंद येतो, पंख मोडला तर नवा पंख येतो. तो दुरुस्तीला बसत नाही. माझी तक्रार नाही, पण बोलत बोलत धरायचं ते मधलं काही त्याच्या वाट्याला आलेलं नाही.

त्या वर्षीच्या जयंतीचा प्रश्न रस्त्याचा होता. आमची वस्ती गावाच्या उगवतीला, माळाच्या पायथ्याशी. वेशीतून आत गेलं की मोठा रस्ता, त्यावर चावडी, चावडीपुढं बाजारतळ. बाजाराला, शाळेला, दळणाला आम्ही त्याच रस्त्यानं जायचो, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती मिरवणुकीला. निळं निशाण आणि हलगी चावडीवरून जायची नाही, ती वस्तीच्या मागच्या गाडवाटेनं फिरवायची, असं गेल्या साली ढकलाढकली झाल्यावर ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं आणि आमच्या जाणत्यांनी मान खाली घातली. या वर्षीही तेच होणार अशी बोलणी चालली होती. मी पत्रक लिहायला घेतलं होतं. फक्त रस्त्याबद्दल.

एका संध्याकाळी मी आणि मामा माळावर विमान हातानं फेकून बघत होतो. बॅटरी नव्हती, नुसतं तरंगतं का ते बघायचं. मामानं एका काठीला चिंधी बांधून रोवली होती, वारं कळायला. बापूराव मोटारसायकलवरून शेताकडून येत होते, थांबले. बापूराव म्हणजे गावातलं मोठं घर, चावडीसमोरचा दगडी ओटा त्यांचा. माणूस बोलघेवडा, थट्टेखोर. हातात काठी घेऊन येणाऱ्यांतले नव्हते. नुसतं हसून ते माणसाला जागच्या जागी बसवत.

"काय फौजी, पतंग का?"

"इमान हाय, बापूराव."

"दोरा कुठंय?"

"दोऱ्याबिगर चालतंय."

"बिगर दोऱ्याचं म्हनजे मोकाटच की." ते गाडीवरून उतरले, विमान हातात घेतलं, खाली-वर केलं. "लय हलकं हाय. आन् कुठवर जातंय?"

"दिसंल तिथवर."

माळावरून सगळं गाव दिसतं. बापूरावांनी वेशीकडं पाहिलं, चावडीकडं पाहिलं, आणि त्यांना काहीतरी सुचलं. "असं करा. जयंतीच्या सकाळी उडवा. तुमचं हे पाखरू वेशीवरून फिरून, जिथून उडालं तिथंच येऊन बसलं, तर यंदाची मिरवणूक चावडीवरून न्या. मी सोता पानसुपारी घेऊन उबा ऱ्हातो, कोन आडवतंय बघू. न्हाई बसलं, तर मागची वाट. कबूल?"

मला वाटलं मामा हसून सोडून देईल. त्यानं विमान त्यांच्या हातातून घेतलं, कानाशी धरून हलवलं आणि म्हणाला, "कबूल."

त्या दिवशी जेवताना मी मामाला बोलले नाही असं एक वाक्य उरलं नसेल. अंबाडीची भाजी होती, करडईच्या तेलाची धार होती, आणि मी घास हातात धरून बोलत होते. रस्ता आपला आहे तर तो पैजेवर लावायचा अधिकार तुला कुणी दिला? जिंकलास तर काय सिद्ध होणार? बापूराव खूश झाले म्हणून आपण चाललो, असंच ना? आणि हरलास तर आपण होऊन लिहून दिल्यासारखं झालं. दादा म्हणाले, "करुणा, बापूरावांच्या तोंडून शब्द निघालाय, वस्तीचं फावलंच की. यातून मार्ग निघंल." मी म्हणाले, "मार्ग निघायला तो काय बुजलाय का? तिथंच हाय की, चावडीसमोर."

मामानं भाकरी मोडली. "मग न्हाई मनून सांगून येऊ?"

"उडव. आपल्यासाठी उडव. मागायला उडवू नको."

"भाकर थंड व्हायली तुजी," तो म्हणाला. एवढंच. मला त्याचा फार राग आला. वीस वेळा समजावून सांगावं आणि माणसानं भाकरीचं बोलावं.

पैजेची बातमी दुसऱ्याच दिवशी दोन्हीकडं पसरली. वस्तीत जो तो विमान बघायला येऊ लागला. म्हाताऱ्या बायका पंखावरून हात फिरवून बोटं मोडत. किसनतात्या आमचे हलगीवाले, ते रोज येऊन विचारायचे, "फौजी, हलगी शेकायला घेऊ का?" आणि मामा म्हणायचा, "थांबा, अजून बोलायलंय."

जयंती चार दिवसांवर आली तेव्हा मामा बॅटरी भारून आणायला परभणीला गेला. मी कॉलेजात. दादा घरी एकटे, सुटी. त्यांना वाटलं, आपलंही काही योगदान असावं. पत्रकं माझ्याकडं आल्यापासून त्यांचे हात तसे रिकामेच होते. निशाणाच्या खांबाला लावून उरलेला निळा ऑइलपेंट डब्यात होता. जयंतीचं विमान पांढरं कसं, असा विचार करून त्यांनी ब्रश घेतला आणि एक अख्खा पंख वरून निळा केला. मी संध्याकाळी आले तेव्हा ते ओसरीवर पंखासमोर उकिडवे बसले होते. रंगातल्या टर्पेंटाइननं फोम खाल्ला होता. देवीचे व्रण असावेत तसे पंखभर खड्डे, काही ठिकाणी बोट आत जाईल एवढे. अजून बारीक चुरचुर आवाज येत होता.

"ह्यो रंग पितंय गं," दादा म्हणाले. "मी लावायलो आन् ते पितंय."

जन्मभर ज्या माणसानं शब्द जपून वापरले त्याला एवढंच सुचलं. मी हसू शकले नाही, आज हसते. निळ्या रंगानं विमान बुडवावं, हे आमच्याच घरात होऊ शकतं.

मामा अंधार पडायच्या सुमारास आला. बॅटरी कोनाड्यात ठेवली, कंदिलाजवळ पंख धरून सगळीकडून बघितला. दादा आत जाऊन पडले होते. मामा आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाला, "दाजी, एकच पंख रंगवला ते बरं केलं." थोड्या वेळानं आत खाट करकरली आणि दादा बाहेर येऊन बसले.

खड्डे भरायचे कशानं? पंक्चरवाल्याचं सोलुशन फोमला खातं. लाख गरम करून लावावी तर वितळतो. मामा एकेक नाव घेत होता आणि स्वतःच खोडत होता. त्याच्या तळावर वेगळा गोंद होता, तो इथं मिळणार कुठून? माझी नजर चुलीच्या उजव्या अंगाला गेली. मी म्हणाले, "खळ." मैदा आणि पाणी, त्यात फोमला खाणारं काय आहे? मामानं फोमचा एक मोडका तुकडा घेतला, खळीचं बोट लावलं आणि थांबला. तुकडा होता तसाच राहिला. रंग खरवडून काढायचा, कागदाचा लगदा करून खड्डे भरायचे आणि वरून सगळ्या पंखाला पातळ कागद मढवायचा, म्हणजे कातडीसारखा ताण येईल, असं त्याचं त्यानं ठरवलं. "कागद पायजे. पातळ. आन् एकच थर, वजन न्हाई परवडायचं."

घरात पातळ कागद एकच होता. माझं रस्त्याबद्दलचं पत्रक त्याच आठवड्यात छापून आलं होतं, हलक्यातल्या हलक्या कागदावर, पाठपोट भरून. जयंतीच्या सकाळी ते वाटायचं होतं. माय आधी बोलली, "हाय की गठ्ठा." मी म्हणाले, ते माझं पत्रक आहे. शेवटी मीच दोरी सोडली. पहिला कागद भिजवून पंखावर पसरला तेव्हा मामा वाचत होता. पहिल्यांदाच वाचत होता. "लय वजन हाय गं तुज्या लिखानात," म्हणाला. "एकच थर लाव."

पुढचे दोन दिवस घरात दुसरं काम नव्हतं. माय खळ शिजवायची, दादा कागद फाडून पट्ट्या करायचे, मी चिकटवायची. मोठा मजकूर पंखावर, बारीक पट्ट्या सांध्यांवर. शेपटीचं शिंग मी स्वतः बसवलं. भोक मोठं झालं होतं म्हणून पुठ्ठ्याचे दोन चौकोन कापले, फळीच्या वर एक, खाली एक, मधून शिंग ओवलं, सुती दोऱ्यानं आवळलं आणि वरून खळ लावून पट्टी मारली. मोटरीच्या फळीलाही तसंच. खळ वाळत गेली तसा कागद ताठ झाला, ढोलक्याच्या कातड्यासारखा टणटण वाजू लागला. आणि वाळल्यावर सगळ्या विमानावर एक फिकट निळी झाक आली. मोरचुदाची. दादांना हवा होता तो रंग त्यांच्या नकळत आला होता.

जयंतीच्या सकाळी मामानं विमान कानाशी धरलं, हलवलं, आणि मग माझ्या कानाशी धरलं. काही नाही. मुकं.

माळावर सगळी वस्ती होती. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पोरं नव्या कपड्यांत, किसनतात्यांच्या गळ्यात शेकलेली हलगी, पण वाजवायची नाही असं ठरलेलं. खाली वेशीपाशी गावातली माणसं वर बघत उभी. काठीची चिंधी हलत नव्हती, म्हणून मामा खूश होता. मी विमान डोक्यावर धरून पळाले आणि फेकलं. मोटरीचा आवाज शिवणयंत्रासारखा. ते थोडं खाली गेलं, मग शेपटीनं ऐकलं आणि ते वर चढलं. फार उंच नाही. पंखाच्या खालच्या अंगाला दुमडलेल्या माझ्या पत्रकाच्या ओळी काळ्या मुंग्यांसारख्या दिसत होत्या. ते वेशीवरून गेलं, चावडीवरून गेलं, बाजारतळाला मोठी फेरी घालून परत वेशीवर आलं आणि आमच्याकडं वळलं. मामाच्या पुढ्यातली जागा मोकळी केली होती, तिथं येऊन बसलं की झालं. मी मामाकडं पाहिलं. तो पेटीकडं बघत नव्हता, विमानाकडं बघत होता, आणि चेहरा ओसरीवर बसायचा तसाच होता.

विमान आमच्या डोक्यांवरून गेलं. मग कललं, संथपणे वळलं आणि पुन्हा गावाकडं निघालं. वेस ओलांडली. मोटर थांबली. चावडीच्या पुढं, बाजारतळावर, ते घारीसारखं उतरत उतरत धुळीत जाऊन टेकलं.

मामानं एरियल मिटली आणि म्हणाला, "चला. इमान आणायला पायजे."

"कोन जानार?" दादांनी विचारलं.

"पंख लांब हाय. समदेच चला."

आम्ही उतरलो. कुणी ठरवून ओळ केली नाही, पण माळावरची वाट अरुंद, त्यामुळं ओळ झालीच. वेशीतून आत गेलो तेव्हा गावातली पोरं आमच्या पुढं पळत होती, विमान आधी कोण गाठतो म्हणून. चावडीच्या ओट्यावर बंदोबस्ताचा एक पोलीस कपबशी घेऊन बसला होता.

"कुठं निघालात एवढे?"

"इमान पडलंय साहेब, आनायला," मामा म्हणाला.

"त्याला एवढी मानसं?"

किसनतात्या मागून म्हणाले, "हलकं हाय साहेब. उडून जाईल मनून धराया चाललोय." पोलिसाला हसू आलं आणि बशीतला चहा सांडला.

बापूराव बाजारतळावर विमानापाशी वाकून उभे होते. ते पंखावरचं वाचत होते. मोठ्यानं, अडखळत. "गावाचा रस्ता ग्रामपंचायतीच्या पैशानं झाला आहे, तो कुणाच्या बापजा..." तिथं पंखाची कड होती, कागद खाली दुमडलेला. त्यांनी वर पाहिलं. "कुनाचं लिखान हे?"

"भाचीचं," मामा म्हणाला.

"लय तिखट हाय."

मी म्हणाले, "पुढचं खालच्या अंगाला हाय. वाचायचं असंल तर उलटं करते."

बापूरावांनी माझ्याकडं बघितलं, मग मामाकडं. "फौजी, हरलात की हो."

"हरलो, बापूराव. मिरवणूक मागच्या वाटेनंच जाईल. शब्द म्हनजे शब्द."

"मग ही येवढी मानसं?"

"ही कुठं मिरवनूक हाय? इमान न्यायला आलोय. आलो त्या वाटेनं जातो."

बापूरावांना हसता आलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हसता न आलेलं पाहिलं. मामानं विमान उचललं आणि माझ्या हातात दिलं. मी दोन्ही हातांनी ते डोक्यावर धरलं, पंख रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेले, फिकट निळे. चावडीसमोर आलो तेव्हा मागून एक आवाज आला. किसनतात्यांचं एक बोट हलगीवर पडलं होतं. एकच. मग दुसरं. वेस येईपर्यंत हलगी पुरती जागी झाली होती आणि वेशीवर उभी असलेली पोरं, त्यांची आणि आमची, नाचत होती.

संध्याकाळी निशाण घेऊन मिरवणूक मागच्या गाडवाटेनं गेली, ठरल्याप्रमाणं. पुढच्या जयंतीला कुणाची पैज नव्हती, कुणी कुणाला विचारलंही नाही. आम्ही वेशीतून गेलो. बापूराव ओट्यावर उभे होते, हातात पानसुपारी नव्हती, पण ते आत गेले नाहीत. एवढं मला पुरेसं वाटलं, आणि मला सहसा कशाचं पुरेसं वाटत नाही. त्यानंतर माझी पत्रकं आखूड झाली. लोकांना वाटलं, दादांचं लाल पेन शेवटी जिंकलं.

त्या सकाळी घरी आल्यावर मात्र मला राहवेना. माय खिरीचं पातेलं उतरवत होती, मामा रांजणापाशी पाय धूत होता. मी ओसरीवर विमान घेऊन बसले. ते परत फिरलं नाही म्हणजे शेपटीचं शिंग सुटलं असणार, माझ्या हातची पट्टी उखडली असणार, असं धरून मी तपासू लागले. शिंग जागचं हललं नव्हतं. दोरा घट्ट. मोटरीची फळी, पंखाचा सांधा, तार, एकेक बोटानं दाबून पाहिलं. उचलून कानाशी धरलं, हलवलं. मुकं. पुन्हा हलवलं. मामा पैज हरला होता, आणि हरण्यासाठी त्याला ते विमान शेवटपर्यंत अगदी नीट चालवावं लागलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "परत का नाही आलं?"

तो टॉवेलनं पाय पुसत होता. एक पाय पुसून झाल्यावर त्यानं दुसरा घेतला.

"वारं आलं, करुणा," तो म्हणाला. "भाकर खा आता."

माळावरची चिंधी मी सगळा वेळ बघत होते.